विश्लेषण : युरोपीय एकीकरणाची जाहिरात, बिल मात्र विरोधकांच्याही नावावर?

पिवळा जंपसूट घातलेली एक तरुणी रिकाम्या गोदामातून चालत येते. समोरून आधी एक कुंगफूवाला झेप घेतो. मग कलारीपयट्टूचा भारतीय योद्धा हत्यार परजत चक्क हवेत तरंगत पुढे सरकतो. शेवटी कोलांट्या घेत येतो ब्राझीलच्या कपोएराचा कृष्णवर्णीय खेळाडू. तरुणी घाबरत नाही. ती डोळे मिटते, तिच्या बारा प्रतिमा तयार होतात आणि त्या तिघांभोवती रिंगण धरून बसतात. पुढच्या क्षणी त्या बारा जणींचे बारा सोनेरी तारे होतात, पार्श्वभूमी निळी होते. युरोपीय महासंघाचा झेंडा!

'किल बिल'ची नक्कल वाटावी असा हा व्हिडीओ मार्च २०१२ मध्ये युरोपीय आयोगाच्या विस्तार विभागाने यूट्यूबवर टाकला होता. महासंघात नवे देश का यावेत, हे तरुणांना पटवून देण्यासाठी. चीन, भारत आणि ब्राझील गोऱ्या युरोपवर चालून येत आहेत, असाच त्याचा अर्थ लोकांनी लावला. वंशवादाचा आरोप झाला आणि आयोगाने माफी मागून तो काढून टाकला. खर्च सुमारे १ लाख २७ हजार युरो झाल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. (कलारीपयट्टूत हवेत तरंगतात, हे केरळमधल्या गुरुक्कलांनाही नवीनच असेल.)

आपल्याला त्यातला वंशवाद खटकतो, ते साहजिकच आहे. पण युरोपातल्या एका मोठ्या वर्गाचा आक्षेप वेगळा होता आणि आजही आहे. व्हिडीओ चांगला असता, तरी तो आमच्या पैशांनी का? महासंघ नकोच किंवा इतका नको, असं ज्यांचं मत आहे, त्यांच्या करातून 'महासंघ किती छान' असं सांगणारी जाहिरात का काढायची?

आता हा विषय पुन्हा का?

२०२५ मध्ये तीन गोष्टी एकामागोमाग घडल्या.

युरोपची 'कॅग' म्हणता येईल अशा लेखापरीक्षण संस्थेचा अहवाल एप्रिलमध्ये आला. २०२१ ते २०२३ या तीन वर्षांत महासंघाच्या अंतर्गत धोरणांतून स्वयंसेवी संस्थांना ७४० कोटी युरो दिले गेले, पण कुणाला किती आणि कशासाठी, याचं चित्र धूसर आहे, असं लेखापरीक्षकांनी म्हटलं. ज्या संशोधन संस्थेच्या नियामक मंडळावर सगळेच सरकारी प्रतिनिधी, तीही यादीत 'स्वयंसेवी' म्हणून नोंदवलेली आढळली! त्याच सुमारास आयोगानेही मान्य केलं की, पर्यावरण संस्थांच्या काही अनुदानित कार्यक्रमांत खासदारांकडे लॉबिंग करण्याची कामं लिहिलेली होती आणि ते योग्य नव्हतं. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हे ७४० कोटी युरो 'प्रचाराचे' नाहीत. त्यात संशोधन, स्थलांतरितांना मदत, पर्यावरण असं बरंच काही येतं. समाजमाध्यमांवर मात्र हाच आकडा 'ब्रसेल्सचं प्रचाराचं बजेट' म्हणून फिरला.

दुसरी गोष्ट, एमसीसी ब्रसेल्स या थिंक टँकने लेखक थॉमस फाझी यांचे अहवाल काढले. आधी स्वयंसेवी संस्था, मग माध्यमं, मग विद्यापीठं. तिन्हींचा सूर एकच : महासंघ पैसे देऊन स्वतःचे समर्थक तयार करतो आणि मग त्यांनाच 'समाजाचा आवाज' म्हणून पुढे करतो.

तिसरी गोष्ट पैशांची. २०२८ ते २०३४ या सात वर्षांच्या अर्थसंकल्पाचा प्रस्ताव आयोगाने जुलैमध्ये मांडला. त्यात संस्कृती, माध्यमं आणि नागरी मूल्यांच्या योजना एकत्र करून 'अगोरा ईयू' नावाचा ८६० कोटी युरोंचा कार्यक्रम सुचवला आहे. सध्याच्या सात वर्षांत यातल्या दोन मुख्य योजनांना मिळून सुमारे ४०० कोटी मिळाले आहेत. म्हणजे दुपटीहून अधिक.

हे सगळं सुरू कुठून झालं?

एकीकरणाच्या पहिल्या दिवसापासून, असं म्हटलं तरी चालेल. १९५० च्या दशकात कोळसा आणि पोलाद समुदाय स्थापन झाला तेव्हाच त्याला माहिती विभाग जोडलेला होता. पण तीस वर्षं सामान्य माणसाला त्याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. पोलादाच्या भावावर भावुक कोण होणार?

१९८४ मध्ये फाँतेनब्लोच्या शिखर परिषदेने इटलीच्या पिएत्रो अदोनिनो यांच्या अध्यक्षतेखाली 'लोकांचा युरोप' नावाची समिती नेमली. झेंडा, राष्ट्रगीतासारखं गीत, एकसारखा पासपोर्ट, ९ मे हा युरोप दिन ही सगळी प्रतीकं या काळात पुढे आली किंवा अधिकृत झाली. मे १९८६ मध्ये ब्रसेल्सच्या मुख्यालयासमोर बारा ताऱ्यांचा झेंडा पहिल्यांदा फडकला.

मग जून १९९२ उजाडला. मास्ट्रिक्ट करारावर डेन्मार्कने सार्वमत घेतलं आणि ५०.७ टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. सप्टेंबरमध्ये फ्रान्समध्ये करार जेमतेम ५१ टक्क्यांनी वाचला. ब्रसेल्सला हादरा बसला. लोक आपल्यासोबत आहेत, हे गृहीतच धरलेलं होतं.

यावर काय करावं, हे सुचवायला बेल्जियमचे खासदार विली द क्लर्क यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांचा गट नेमला गेला. १९९३ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालाचा सार असा होता : युरोप हा एक चांगला 'प्रॉडक्ट' आहे, तो ब्रँडसारखा विका, महिला आणि तरुण यांच्यावर खास लक्ष द्या, पत्रकारांनाही आधी पटवा, म्हणजे ते पुढे लोकांना पटवतील. हे ऐकून ब्रसेल्समधले पत्रकारच भडकले. त्यात युरोपवादी पत्रकारही होते. आयोगाने अहवाल अंगाला लावून घेतला नाही, पण युरोस्केप्टिक मंडळींना, म्हणजे एकीकरणाकडे संशयाने पाहणाऱ्यांना, आयुष्यभर पुरेल असा पुरावा हाती लागला.

मला या अहवालात एक चूक सरळ दिसते. लोक 'नाही' म्हणाले, याचा अर्थ 'लोकांना कळलं नाही' असा काढला गेला. कळूनही नको असेल, ही शक्यताच विचारात नाही. २००५ मध्ये फ्रान्सने जवळपास ५५ टक्क्यांनी आणि नेदरलँड्सने साडेएकसष्ट टक्क्यांनी युरोपीय राज्यघटना फेटाळली, तेव्हाही उत्तर म्हणून आली ती संवादाची नवी योजना. नाव 'प्लॅन डी'. त्या घटनेतला बहुतेक मजकूर पुढे लिस्बन करारात आला.

विद्यापीठांचा मुद्दा काय आहे?

ज्याँ मोने हे एकीकरणाच्या शिल्पकारांपैकी एक. फ्रान्सच्या कोन्याकमधल्या ब्रँडी व्यापाऱ्याचा मुलगा. त्यांच्या नावाने १९८९ मध्ये विद्यापीठांसाठी अनुदान सुरू झालं. युरोपीय एकीकरण शिकवणाऱ्या प्राध्यापकाला 'ज्याँ मोने चेअर' मिळते. तीन वर्षांसाठी जास्तीत जास्त ६० हजार युरो. विभागांना, केंद्रांना वेगळं अनुदान. आता हा सगळा कार्यक्रम इरॅस्मस प्लसचा भाग आहे आणि जगभर चालतो. भारतातही दिल्लीच्या जेएनयूत आणि मणिपालमध्ये या अनुदानावर अध्यापन झालं आहे. त्यामुळे युरोपात शिकायला जाणाऱ्या मराठी मुलामुलींनाही हा प्रश्न अगदी परका नाही. इरॅस्मस शिष्यवृत्ती मिळवणाऱ्यांत भारतीय दरवर्षी आघाडीवर असतात.

आक्षेप असा : संघटनेच्या पैशांनी संघटनेचाच अभ्यास करायचा, तर टीका कोण करणार? प्राध्यापकांचं उत्तर असं की, चेअर मिळाली म्हणून आम्ही कुणाचं भाट होत नाही. महासंघावर कडक टीका करणारं संशोधनही याच विभागांतून होतं. ते खरं आहे. पण कार्यक्रमाच्या उद्दिष्टांत अध्यापन-संशोधनासोबत 'सक्रिय युरोपीय नागरिकत्व आणि मूल्यं' यांना चालना देणंही आहे. शिकवणं आणि पटवणं एकाच पाकिटात घातलं, की प्रामाणिक प्राध्यापकाकडेही लोक संशयाने पाहणार. नुकसान त्याचंच.

मोजपट्टी कुणाच्या हातात?

युरोपात लोकांचं मत काय, हे मोजणारं सर्वांत मोठं सर्वेक्षण म्हणजे युरोबॅरोमीटर. १९७३-७४ पासून चालू आहे. ते सुरू केलं जाक-रेने राबिये यांनी. मोने यांचे सहकारी आणि त्याआधी समुदायाच्या माहिती विभागाचे प्रमुख. म्हणजे एकीकरणाची माहिती लोकांपर्यंत नेणाऱ्या माणसानेच ती किती पोहोचली, हे मोजायचं यंत्र बसवलं. जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थेतले मार्टिन ह्योप्नर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ मध्ये याच्या प्रश्नावल्या तपासल्या. प्रश्नांची रचना बऱ्याचदा एकीकरणाच्या बाजूने कललेली असते आणि त्यामुळे संशोधन व प्रचार यांतली सीमा पुसट होते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मी इंजिनीअरिंग केलंय. कंट्रोल सिस्टिम्समध्ये शिकवतात की, यंत्र नीट चाललंय का, हे सांगणाऱ्या सेन्सरवर यंत्राचाच प्रभाव पडायला लागला, तर रीडिंग कायम छान दिसतं आणि एक दिवस मोटर जळते. आमच्या कॉलेजात प्राध्यापकांविषयीचा फीडबॅक फॉर्म त्याच प्राध्यापकांसमोर बसून भरायचा असे. सगळ्यांना पाचपैकी पाच! शिकवणं सुधारलं का, हे विचारू नका.

मला या सगळ्या वादातला गंभीर भाग हाच वाटतो. व्हिडीओवर लाखभर युरो गेले, ब्रसेल्समध्ये २०१७ साली उघडलेल्या युरोपीय इतिहासाच्या संग्रहालयावर साडेपाच कोटी गेले, यावर चिडता येतं. पण महासंघाच्या एकूण खर्चात ते किरकोळ आहे. खरा धोका वेगळा आहे. सल्ला देणारी संस्था तुमच्या अनुदानावर, अभ्यास करणारा विभाग तुमच्या अनुदानावर, मत मोजणारी पाहणी तुमची. मग लोक दूर जातायत, हे तुम्हाला सांगणार कोण? ब्रिटनमधल्या आयईए या थिंक टँकच्या ख्रिस्तोफर स्नोडन यांनी २०१३ मध्ये अशा संस्थांना 'युरो पपेट्स' म्हटलं होतं, म्हणजे युरोच्या कठपुतळ्या. शब्द बोचरा आहे, पण पुढे तीन वर्षांनी ब्रिटनमध्ये जे झालं, त्याचा अंदाज ब्रसेल्सच्या मोजपट्टीवर वेळेत दिसला नाही, हे खरंच.

मग प्रचाराचा उपयोग तरी होतो का?

वेल्समध्ये एब्बू व्हेल नावाचं गाव आहे. कधीकाळी पोलादाचा मोठा कारखाना असलेलं, २००२ मध्ये तो बंद पडल्यावर मोडून गेलेलं. तिथे महासंघाचा पैसा ओतला गेला. रस्ते, रेल्वे, कॉलेज. प्रत्येक ठिकाणी नियमाप्रमाणे निळा फलक आणि बारा तारे, कारण निधी मिळालेल्या कामावर तसं चिन्ह लावणं बंधनकारकच असतं. फलकांची ही सवय आपल्यालाही वेगळी सांगायला नको. जून २०१६ च्या सार्वमतात ब्लानाय ग्वेंट या त्या भागातल्या ६२ टक्के मतदारांनी 'बाहेर पडू' म्हटलं. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉललाही असाच भरपूर निधी मिळत होता. तिथे बाहेर पडण्याच्या बाजूने साडेछप्पन्न टक्के.

युरोपीय संसदेच्या निवडणुकीतलं मतदान १९७९ मध्ये ६२ टक्के होतं. २०१४ मध्ये ते ४३ टक्क्यांच्या आत आलं. माहितीपुस्तिका, कॉमिक्स, व्हिडीओ हे सगळं याच काळात वाढलं. (कॉमिक्स खरंच निघाली. २००२ मध्ये युरोपीय संसदेने एका काल्पनिक महिला खासदाराच्या साहसांचं चित्रपुस्तक काढलं होतं.) २०१९ मध्ये मतदान पुन्हा पन्नाशीपार गेलं, पण तेव्हा ब्रेक्झिट, हवामान, स्थलांतर यांवर खरंखुरं भांडण चालू होतं. लोक भांडण असलं की मतदानाला येतात. ब्रोशर वाचून येत नाहीत.

आक्षेप घेणाऱ्यांचा पैसा कुठून येतो?

हा प्रश्न टाळून हा विषय लिहिता येणार नाही. एमसीसी ब्रसेल्स ही हंगेरीतल्या मॅथियास कॉर्विनस कॉलेजियमची शाखा. या संस्थेला २०२० मध्ये व्हिक्टर ऑर्बान सरकारने तेल कंपनी एमओएल आणि औषध कंपनी गेडेऑन रिश्टर यांच्यातला प्रत्येकी १० टक्के सरकारी हिस्सा देऊन टाकला. म्हणजे सार्वजनिक पैशांनी होणाऱ्या प्रचारावरची टीकाही सार्वजनिक संपत्तीतूनच चालते. त्याच सरकारने २०१७ मध्ये 'ब्रसेल्सला रोखू या' नावाची प्रश्नावली घरोघरी पाठवली. २०१९ मध्ये आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष ज्याँ-क्लोद युंकर आणि उद्योगपती जॉर्ज सोरोस यांचे फोटो असलेले फलक देशभर लावले. खर्च हंगेरीच्या करदात्यांचा, त्यात महासंघ हवा असणारेही आले. आयईए तर देणगीदारांची नावं जाहीर करण्याचं बंधन मानतच नाही.

आणि नायजेल फराज? ब्रिटनच्या संसदेत जायला ते सात वेळा हरले. १९९९ ते २०२० अशी वीस वर्षं ते युरोपीय संसदेचे खासदार होते. पगार, कार्यालय, भाषणासाठी माइक, सगळं महासंघाचं. ती भाषणंच त्यांना घरोघरी घेऊन गेली. २०१६ मध्ये त्यांच्या तेव्हाच्या यूकिप पक्षाचं वर्चस्व असलेल्या युरोपीय आघाडीने महासंघाचा निधी ब्रिटनमधल्या प्रचाराकडे वळवल्याचं युरोपीय संसदेने ठरवलं आणि पैसे परत मागितले. रक्कम पाच लाख युरोंच्या आसपास होती.

पण यामुळे मूळ आक्षेप खोटा ठरत नाही. चोराने 'कुलूप कच्चं आहे' असं सांगितलं, तरी कुलूप तपासायचं असतं. २०२४ च्या निवडणुकीनंतर युरोस्केप्टिक पक्षांचा 'पेट्रियट्स फॉर युरोप' हा गट ८४ सदस्यांसह संसदेतला तिसरा मोठा गट म्हणून उभा राहिला. त्यांच्या मतदारांचाही कर ब्रसेल्सला जातो. 'ते लोक वाईट आहेत' हे त्यांच्या तक्रारीचं उत्तर होऊ शकत नाही.

आयर्लंडने काय केलं?

१९९२ मध्ये मास्ट्रिक्ट करारावरच्या सार्वमतात आयर्लंड सरकार होकाराचा प्रचार सरकारी पैशांनी करत होतं. पॅट्रिशिया मॅकेना या ग्रीन कार्यकर्त्या त्याविरोधात न्यायालयात गेल्या आणि हरल्या. तीन वर्षांनी घटस्फोट कायदेशीर करण्यासाठी सार्वमत आलं. सरकारने होकाराच्या जाहिरातींसाठी पाच लाख आयरिश पाउंड ठेवले. तोवर युरोपीय संसदेत निवडून गेलेल्या मॅकेना पुन्हा न्यायालयात गेल्या.

१७ नोव्हेंबर १९९५, मतदानाच्या बरोबर आठवडाभर आधी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सरकारला मत असू शकतं, मंत्री प्रचारही करू शकतात. पण सगळ्या नागरिकांचा पैसा एकाच बाजूसाठी वापरणं हा समान हक्काचा भंग आहे. जाहिराती थांबल्या. सार्वमत ९,११४ मतांनी, अगदी काठावर, मंजूर झालं. सरकारी जाहिरात नसतानाही.

पुढे १९९८ मध्ये कायद्याने स्वतंत्र सार्वमत आयोग नेमला गेला. दोन्ही बाजू लोकांपुढे मांडणं हे त्याचं काम. जून २००१ मध्ये नीस करार आयरिश मतदारांनी फेटाळला आणि त्याच वर्षअखेरीस कायदा बदलून आयोगाचं 'दोन्ही बाजू मांडण्याचं' काम काढून घेण्यात आलं. नुसती तटस्थ माहिती द्यायची, इतकंच उरलं. पुढच्या वर्षी करार मंजूर झाला. योगायोग म्हणा किंवा काही म्हणा. मॅकेना निकाल मात्र तसाच टिकला आणि आजही आयर्लंडचं सरकार सार्वमतात सरकारी पैशांनी जाहिरात करू शकत नाही.

ब्रिटनकडे असा निकाल नव्हता. १९७५ च्या सार्वमतात घरोघरी तीन पत्रकं गेली : एक होकाराचं, एक नकाराचं आणि तिसरं सरकारचं, अर्थात होकाराचंच. २०१६ मध्ये डेव्हिड कॅमेरून सरकारने ९३ लाख पाउंड खर्चून २ कोटी ७० लाख घरांत 'महासंघात राहा' असं सांगणारं पत्रक पाठवलं, अधिकृत प्रचारकाळ सुरू होण्याच्या तोंडावर. विरोधात दोन लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि बाहेर पडण्याच्या बाजूला फुकटात एक मुद्दा मिळाला.

महासंघाला हे जमेल?

अडचण अशी की, महासंघ पातळीवर सार्वमत होतच नाही. त्यामुळे 'प्रचाराचा काळ' आणि 'एरवीचा काळ' असा फरक करता येत नाही. प्रचार असलाच तर बारमाही, थेंबाथेंबाने. शिवाय फ्रान्सने, इटलीने शाळा, सैन्य, टपाल तिकिटं यांतून आपापलं राष्ट्र घडवलं, तेव्हा कुणाला विचारलं होतं, हा युरोपवाद्यांचा प्रतिप्रश्नही बिनतोड आहे. महासंघाकडे ना स्वतःची शाळा, ना स्वतःची वाहिनी. त्याने बोलायचंच नाही का?

बोलावं. पण मॅकेना निकालाचा धागा इथेही लावता येतो. महासंघ कसा चालतो, हे सांगायचा खर्च जरूर करा. तो आणखी वाढावा की नाही, या प्रश्नावर पैसा द्यायचाच असेल, तर 'नको' म्हणणाऱ्यांनाही त्याच खिडकीतून, त्याच अटींवर अर्ज करता यायला हवा. युरोपीय पक्षांचा निधी आजही साधारण असाच वाटला जातो. एक दशांश सर्व पक्षांत समान आणि बाकीचा निवडून आलेल्या सदस्यांच्या प्रमाणात, विचार कोणताही असो. हे सूत्र संशोधन केंद्रांना, वादविवादाच्या कार्यक्रमांना लावायला फार मोठा शोध लागत नाही. अनुदान कुणाला द्यायचं, हे ठरवणाऱ्या समितीत आयोगाबाहेरची माणसं आणि प्रत्येक रुपयाची, म्हणजे युरोची, एकाच ठिकाणी नोंद. लेखापरीक्षकांनी मागितलंय ते फार वेगळं नाही.

'अगोरा ईयू'च्या नियमावलीत यातलं काय येतं, हे अर्थसंकल्पाच्या वाटाघाटींत ठरेल. एकूण आराखड्याला सर्व २७ सरकारांची एकमताने संमती लागते, संसदेचीही. सरकारी खर्चाने ब्रसेल्सविरोधी फलक लावण्याची परंपरा असलेली हंगेरीही या २७ मध्ये आहे आणि मॅकेना निकाल देणारं आयर्लंडही. २०२६ च्या उत्तरार्धात महासंघाच्या मंत्रिपरिषदेचं फिरतं अध्यक्षपद आयर्लंडकडे आहे.